गळस्पर्धा त्याच तलावावर पुन्हा भरवायची असेल तर…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकदा जिथे गळाने मासे धरण्याची स्पर्धा झाली, त्याच गावतलावावर ती पुन्हा भरवावी, अशी बोलणी आपल्या सीमाभागातल्या काही तरुण मंडळांत चालू आहेत. कल्पना चांगली आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. मात्र पहिल्यांदा स्पर्धा भरवणे आणि त्याच पाण्यावर परत जाणे यांत मोठा फरक आहे. पहिल्या वेळी पोत्यात, प्लास्टिकच्या ड्रमात किंवा काठावरच्या गवतात जे मोठे कटले-रोहू मेले, ते दुसऱ्या खेपेला गळाला लागत नाहीत. वर मासेमारीचा ठेकेदार आणि गाव, दोघेही परवानगी देताना हात आखडता घेतात. म्हणून आमचे म्हणणे एकच आहे: धरलेला प्रत्येक मासा जागेवर, काही मिनिटांत तोलून जिवंत पाण्यात सोडला जाणार असेल तरच स्पर्धा भरवावी. तारीख, जागा, गळ, तोलकाटा, गुण या सगळ्यांचा निर्णय याच अटीवरून व्हायला हवा. यासाठी काय काय करावे लागते ते आयोजकांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी तलाव पारखावा. मागच्या वेळी मासा होता म्हणजे आताही असेल, असे नाही. 2019च्या ऑगस्टमधल्या महापुरात कित्येक तलाव सांडव्यावरून वाहिले. अशा वेळी पाळलेला मासा ओढ्याला निघून जातो आणि ओढ्यातला चिलापी तलावात शिरतो. पुढे 2023 साली पावसाने दगा दिला. त्या वर्षी जे तलाव तळाला गेले त्यांत जुना, जाड मासा उरला असण्याची शक्यता फार कमी. तेव्हा ठेकेदाराकडे किंवा मच्छीमार सोसायटीकडे तीन गोष्टी विचाराव्यात: बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) कोणत्या वर्षी सोडली, कोणत्या जातीची किती सोडली आणि जाळे ओढून मासे काढण्याची शेवटची मोठी ओढ कधी झाली. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली चांगल्या पाण्यात वर्षभरात किलोच्या आसपास जाते. स्पर्धेला रंगत आणणारा तीन-चार किलोचा मासा हवा असेल तर मधल्या काळात तलाव न आटलेला आणि पूर्ण न ओढलेला असावा लागतो. त्याशिवाय तारखेच्या तीन आठवडे आधी पाच-सहा जाणत्या गळवाल्यांनी वेगवेगळ्या काठांवर एक दिवस बसून पाहावे. पाणी कुठे किती खोल आहे तेही त्याच दिवशी दोरीला शिसे बांधून मोजावे आणि कागदावर उतरवावे.

वीस ते चाळीस एकरांचा गावतलाव या खेळाला सर्वांत योग्य. हिडकलसारख्या 51 टीएमसीच्या जलाशयावर पाणी हटत जाते तसा काठही सरकतो, स्पर्धकांच्या जागा दाखवायला आठवड्यापूर्वी ठोकलेल्या खुंट्या कोरड्यात राहतात आणि वाऱ्याने लाटा उठल्या की तोलाई नीट होत नाही. राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते, त्यामुळे ते वगळावे. धुपदाळचा बंधारा घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो, तिथला तर विचारही करू नये.

तारीख हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तोच बहुतेक वेळा सुट्ट्या बघून घेतला जातो. मे महिन्याची सुट्टी सर्वांना सोयीची, पण माशांसाठी तो सर्वांत वाईट काळ. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे हे आकडे आणखी थोडे खाली येतात. गळाशी झुंजलेल्या माशाला तर नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. मे महिन्यात पाणी उथळ, तापलेले आणि माशांनी दाटलेले असते. त्यात थकलेला मासा सोडला तर तो पोहत गेलेला दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगतो.

मग डिसेंबर-जानेवारी घ्यावा का? त्यालाही हरकत आहे. थंडीत कटला, रोहू, मृगळ तिघेही खाणे कमी करतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) तेवढा बऱ्यापैकी खात राहतो. त्याहून मोठी अडचण जखमांची. गार पाण्यात जखम लवकर भरत नाही, तिच्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि लाल चट्ट्यांचा ईयूएस हा रोगही थंडीतच डोके वर काढतो. हा रोग भारतात 1988 पासून माहीत आहे. मरळीला तो फार होतो, पण मृगळ, कटला, रोहूही त्यातून सुटत नाहीत. खवले निघालेली जागा म्हणजे रोगाला मोकळे दार.

पावसाळ्याचे तोंड तर पूर्ण वर्ज्य मानावे. तेव्हा माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात आणि नव्या पाण्याकडे धावतात.

उरतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना, आपल्या हिशेबाने साधारण माघाचा शेवट आणि फाल्गुन. पाणी हळूहळू ऊब धरते, मासा खायला लागतो, तलावात अजून पुरेशी खोली असते आणि ठेकेदाराची उन्हाळी ओढ सुरू झालेली नसते. या महिन्यात गावची यात्रा, महाशिवरात्रीचे स्नान आणि दहावीची परीक्षा एवढे टाळून दोन दिवस काढावेत. निपाणी-चिकोडीकडे तेव्हाही रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, म्हणून गाड्या बांधावर न आणता आधीच ठरवलेल्या मोकळ्या शेतात लावाव्यात.

वेळ सकाळी आठ ते दुपारी साडेचार ठेवावी. पहाटे मासा चांगला घेतो हे खरे, त्यामुळे पहाटे पाचला सुरुवात करा असा आग्रह होईल. तो मानू नये. रात्रभर शेवाळ, पाणवनस्पती आणि मासे सगळेच प्राणवायू वापरतात, तो तयार मात्र होत नाही. त्यामुळे उजाडताना पाण्यात तो सर्वांत कमी असतो. स्पर्धेच्या आधीच्या चार-पाच पहाटे कोणीतरी काठावर जाऊन पाहावे. मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर घोटाळत असतील तर त्या आठवड्यात स्पर्धा घेऊच नये. आणखी एक सोपी तपासणी आहे. वीतभर रुंदीची पांढरी थाळी खुणांच्या दोरीला बांधून पाण्यात सोडावी. 20 सेंटिमीटरच्या आत ती दिसेनाशी झाली आणि पाणी गडद हिरवे असेल, तर शेवाळ अति झाले आहे असे समजावे. खानापूरकडच्या तांबड्या किंवा चिकोडीकडच्या काळ्या मातीच्या गढूळपणामुळेही थाळी लवकर दिसेनाशी होते, म्हणून पाण्याचा रंग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्राणवायूचाच विचार चाऱ्यालाही लागू आहे. गळाभोवती मासा जमवण्यासाठी शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, भाजलेल्या फुटाण्याचे पीठ पाण्यात टाकले जाते. तीस जणांनी रोज पाच-पाच किलो टाकले तर दोन दिवसांत तलावात तीन क्विंटल चारा जातो. मासे त्यातले थोडेच खातात. उरलेला तळाशी कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. स्पर्धा संपल्यावर आठवड्याने मासे मेले की दोष गळाला दिला जातो, पण कारण बऱ्याचदा तळाशी साचलेली पेंड असते. माणशी रोज एक किलो कोरडा चारा ही मर्यादा घालावी आणि तो आयोजकांनीच तोलून पिशवीत द्यावा. मर्यादा सगळ्यांना सारखी असल्यामुळे कोणाचे नुकसानही होत नाही. मका, हरभरा असे धान्य कच्चे टाकायला पूर्ण बंदी हवी. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो. मका चोवीस तास भिजवून अर्धा तास उकळावा, हरभरा रात्रभर भिजवून नखाने दबेल इतका शिजवावा.

परवानगीच्या बाबतीत घाई करून चालत नाही. तलाव ग्रामपंचायतीचा आहे की लघु पाटबंधाऱ्याचा, हे पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) लेखी घ्यावे. पाणी एकाचे आणि मासेमारीचा हक्क ठेक्याने दुसऱ्याचा, असे नेहमी असते. म्हणून पंचायत, मत्स्य खाते आणि ठेकेदार या तिघांचीही संमती लागते. तिन्ही अर्ज कन्नडमध्ये करावेत, कागद लवकर पुढे सरकतो. ठेकेदाराशी करार स्पष्ट असावा: सोडलेला मासा त्याचा, मेलेला मासाही त्याच्याच हवाली करायचा आणि मेलेल्या माशाची किंमत काठावरच्या चालू भावाने आयोजकांनी द्यायची. यासाठी प्रत्येक स्पर्धकाकडून अनामत घ्यावी. मासा मेला नाही तर ती परत करावी. हा करार झाला की ठेकेदार स्वतः लक्ष घालतो, आणि तलावात आडवी लावलेली जाळी स्पर्धेच्या चार दिवस आधी काढतो. ती राहिली तर गळाला लागलेला मासा जाळ्यात घुसतो, तंगूस (गळाचा दोरा) तुटतो आणि मासा तिथेच अडकून मरतो.

आता काठाची आखणी. वीस एकरांच्या तलावाचा काठ गोल धरला तरी किलोमीटरभर भरतो. दोन जागांत 15 मीटर अंतर ठेवून तीस खुंट्या ठोकल्या तर साडेचारशे मीटर लागतात, म्हणजे निम्म्याहून जास्त काठ मोकळा राहतो. तो तसाच ठेवावा. गावच्या बायकांची धुणी, गुरांचे पाणी, शेतकऱ्यांच्या मोटारी यांना स्पर्धेमुळे अडथळा आला तर तिसऱ्या वर्षी कोणी परवानगी देणार नाही. शिवाय माशांनाही जिथे गळ पडत नाही असा कोपरा हवा. मोरीच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) आणि सांडव्याच्या दोन्ही बाजूंना 30 मीटर एकही खुंटी नको. मोरीजवळ पाणी एकदम खोल असते आणि दार उघडे असेल तर ओढही असते.

विजेकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. आजकालच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. बारा फुटांची काठी फेकायला वर उचलली की तिचे टोक सहज अठरा-वीस फुटांवर जाते. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारा जिथे बांधावरून किंवा काठाला लागून जातात, तिथे दोन्ही बाजूंना 30 मीटर जागा रिकामी ठेवावी आणि लाल फडके बांधावे. पंपांच्या उघड्या, ठिकठिकाणी जोड दिलेल्या वायरी काठाच्या चिखलात पडलेल्या असतात. ज्या भागात त्या आहेत तिथल्या मोटारी शेतकऱ्यांशी बोलून स्पर्धेच्या तासांत बंद ठेवाव्यात. नाही जमले तर तो भाग सोडून द्यावा. पोहणारी दोन माणसे, फुगवलेल्या चार ट्यूब, लांब दोरी आणि एक नाव हे तर हवेच. बांधाच्या पिचिंगचे दगड शेवाळाने निसरडे असतात, तिथे लहान मुले येऊ देऊ नयेत.

गळाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वाद इथेच होईल. आपल्याकडे स्प्रिंगवर पिठाचा गोळा दाबून भोवती चार-सहा गळांचा झुपका सोडण्याची पद्धत आहे. मासा पीठ चाखायला येतो आणि ओढ बसली की गळ डोळ्यात, गालफडात, कल्ल्यात, पोटात कुठेही रुततो. खाण्यासाठी मासा धरायचा असेल तर ही पद्धत कामाची, पण सोडायचा असेल तर नाही. कल्ल्यातून रक्त आलेला मासा सहसा वाचत नाही. म्हणून स्पर्धेत एका तंगुसाला एकच गळ, तोही एकाच टोकाचा आणि आडकाटा (टोकामागचा उलटा काटा) पकडीने दाबून सपाट केलेला असावा. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी पंचांनी प्रत्येक गळ कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहावा. कापूस अडकला तर गळ बाद. आडकाटा नसला की मासा सुटतो अशी भीती घालतात. तंगूस ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि गळ काढायला मात्र दोन सेकंद लागतात.

आमिष गळावर न लावता गळाला बांधलेल्या बारीक धाग्यावर ओवायची रीत इंग्लंडमधल्या कार्प धरणाऱ्यांनी 1980च्या सुमारास काढली. धाग्याला ते लोक केस म्हणतात. गळाच्या वाकापासून दोन-अडीच सेंटिमीटर लोंबणारा धागा ठेवायचा, आकडीच्या सुईने त्यात शिजवलेला मका किंवा हरभरा ओवायचा आणि खाली गवताची बारीक काडी अडकवायची. तळाला खाणारा मासा आमिष तोंडात शोषून घेतो, संशय आला की फुंकून टाकतो. फुंकताना मोकळा गळ ओठात आतून बसतो. मासा शिशाचे वजन जाणवून पळतो आणि गळ पक्का होतो. जवळजवळ प्रत्येक वेळी तो खालच्या ओठातच बसतो, घशात जात नाही. सायप्रिनस आणि मृगळ तळाला खातात, त्यांना ही जोडणी तंतोतंत लागू पडते. रोहू मधल्या पाण्यातला, तरी चाऱ्यावर खाली उतरतो. कटल्याचे तोंड वर वळलेले, त्याला मिशा नसतात आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी तरंड्याखाली तीन-चार फुटांवर फुटाण्याचे पीठ, कोंडा आणि पिकलेले केळे यांचा सैल, पाण्यात विरघळणारा गोळा जास्त उपयोगी. झटका मारला की त्याचे तोंड फाटते. म्हणून कटला लागला की काठी नुसती उचलावी.

शिसे 60 ते 80 ग्रॅमचे पुरे. ते तंगुसावर मोकळे सरकणारे असावे. गाठ मारून पक्के केलेले शिसे तंगूस तुटल्यावर माशाच्या तोंडाला लटकत राहते आणि मासा कुठल्यातरी मुळीला अडकून मरतो. तंगूस 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा, निदान सात-आठ किलो ताण सहन करणारा घ्यावा. बारीक तंगुसावर मोठा मासा काढण्यात कौशल्य आहे हे मान्य, पण ती झुंज वीस मिनिटे चालते आणि मासा पार गळून जातो. सोडायच्या माशाला शक्य तितक्या लवकर काठाला आणले पाहिजे.

मासा काठाशी आला की पुढची पाच मिनिटे सर्वांत नाजूक. हातजाळी गाठी नसलेल्या मऊ विणीची आणि रुंद तोंडाची हवी. गाठींच्या नायलॉन जाळीने खवले निघतात, परांच्या काड्या मोडतात. मासा जाळीत आल्यावर वर उचलू नये. जाळी दोन फूट पाण्यातच धरून पंचाला हाक मारावी. पाच खुंट्यांमागे एक पंच असला तर तो दोन-तीन मिनिटांत पोहोचतो. याहून कमी पंच ठेवले की मासे साठवायला पोती येतात आणि सगळी योजना कोसळते. तीस स्पर्धकांना सहा पंच, वर एक मुख्य पंच आणि बदलीला दोन, असे नऊ जण लागतील. ते मिळत नसतील तर स्पर्धक कमी करावेत, पंच कमी करू नयेत.

प्रत्येक खुंटीपाशी दोन इंच जाडीच्या फोमवर रेग्झिन चढवलेली गादी आणि पाण्याने भरलेली बादली असावी. गादी, झोळी आणि हात आधी ओले करावेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे संरक्षण असते. कोरड्या हाताने, फडक्याने, तापलेल्या गादीवर तो निघून जातो. फेब्रुवारीच्या दुपारीही काळे रेग्झिन हाताला चटका देते, म्हणून दर अर्ध्या तासाने त्यावर पाणी ओतावे. गळ काढून मासा ओल्या झोळीत घ्यावा आणि झोळी टांगून तोलावी. कल्ल्यात बोट घालून किंवा शेपटी धरून टांगलेला मासा बाद ठरवावा. पाण्याबाहेरचा सगळा वेळ मिनिटाच्या आत बसला पाहिजे. छायाचित्र काढायचेच असेल तर गादीवर गुडघे टेकून, मासा जमिनीपासून वीतभर उंच धरून एक. उभे राहून माशाला छातीशी कवटाळणे नको. मासा उसळतो, हातातून निसटतो आणि दगडावर आपटतो. सोडताना तो पाण्यात सरळ धरावा, कल्ले नियमित हलू लागले आणि त्याने स्वतः शेपटी मारली की हात काढावा. मागे-पुढे हलवायची गरज नाही.

काटा लटकवायचा, डिजिटल, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. सकाळी, दुपारी आणि शेवटी दुकानातल्या शिक्क्याच्या पाच किलो मापाने तो सर्वांसमोर तपासावा. ओल्या झोळीचे वजन दर वेळी शून्य करून घ्यावे, कारण ती पाणी धरते आणि पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक पडतो. एका विभागातले सगळे मासे एकाच काट्यावर तोलले जावेत. वजनपत्रकावर पंच, स्पर्धक आणि शेजारच्या खुंटीवरचा स्पर्धक, तिघांची सही हवी. जागेवरच तोलाई झाल्यामुळे एक जुनी फसवणूकही थांबते. बाजारातून आणलेला मासा पोत्यात घालणे किंवा माशाच्या पोटात शिसे भरणे, हे मासे दिवसभर साठवून संध्याकाळी तोलतात तिथेच शक्य असते.

गुणांची पद्धतही बदलावी. दोन दिवसांचे एकूण वजन धरले तर निकाल बराचसा चिठ्ठीवर जातो. वारा ज्या काठाला लागतो तिकडे अन्न आणि मासे सरकतात, आणि ज्याला ती खुंटी मिळाली तो बसल्या जागी जिंकतो. त्यापेक्षा दहा-दहा खुंट्यांचे तीन विभाग करावेत. प्रत्येक विभागात सर्वांत जास्त वजनाला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात, पण स्पर्धक वेगळ्या विभागात गेला पाहिजे. दोन दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता, आणि गुण सारखे झाले तर एकूण वजन पाहावे. यामुळे माणूस शेजाऱ्यांशी, सारख्याच पाण्यावर स्पर्धा करतो. मेलेल्या माशाचे वजन धरू नये आणि दुसरा मासा मेला की त्या दिवसापुरती काठी खाली ठेवायला लावावी. नियम कडक वाटेल, पण तो नसेल तर मेलेल्या आणि जिवंत माशाला एकच मोल राहते.

मोजणीत कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा एवढेच धरावेत. चिलापी, मरळ, वाम धरू नयेत. थाई मागूर लागला तर तो परत सोडूच नये. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो इतर माशांची पिल्ले फस्त करतो. तो ठेकेदारासमोर मत्स्य खात्याच्या माणसाकडे द्यावा. जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला याच कारणासाठी मनाई हवी, कारण बाहेरच्या पाण्यातली पिल्ले सुटून तलावात राहतात.

कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, गोव्याकडून येणारे स्पर्धक आपापल्या जाळ्या, गाद्या घेऊन येतील. एका तलावाचा रोग आणि जलपर्णीचा तुकडा दुसऱ्या तलावात असाच जातो. त्यामुळे शक्य असेल तर आयोजकांनीच जाळ्या-गाद्या पुरवाव्यात. नाहीतर आदल्या दिवशी सगळे साहित्य जमा करून दिवसभर कडक उन्हात खडखडीत वाळवावे. ओली जाळी आत येऊ देऊ नये. नियमांचे पत्रक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापून प्रत्येकाच्या हातात द्यावे आणि पहिल्या दिवशी सकाळी मोठ्याने वाचून दाखवावे.

तुटलेल्या तंगुसासाठी प्रत्येक खुंटीला झाकणाचा डबा बांधावा. बगळे, पाणकावळे यांच्या पायात हा धागा गुंतला की पक्षी तडफडून मरतो. संध्याकाळी डबा तपासल्याशिवाय कोणाचे पत्रक स्वीकारू नये.

बक्षीस समारंभ झाला की आयोजक निघून जातात, इथे त्यांनी थांबायला हवे. मेलेला मासा आधी बुडतो आणि कुजू लागल्यावर दोन-तीन दिवसांनी वर येतो. स्पर्धेनंतर चार दिवस, रोज सकाळी दोन माणसांनी ठेकेदाराबरोबर सगळा काठ आणि वाऱ्याकडचा कोपरा फिरून तरंगणारे मासे मोजावेत. जात, अंदाजे वजन आणि जखम कुठे आहे हे लिहावे. जखम ओठाबाहेर असेल तर गळाचा नियम कुठेतरी मोडला गेला. जखम नसेल आणि बरेच मासे एकदम वर आले असतील तर चारा किंवा प्राणवायू तपासावा. त्या आकड्यावर अनामतीचा हिशेब करावा आणि तोच कागद पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडावा.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. स्पर्धेची बातमी छापताना विजेत्यांची नावे आणि सर्वांत मोठ्या माशाचे वजन येतेच. त्यासोबत किती मासे तोलले आणि चौथ्या दिवसापर्यंत किती मेले, हे दोन आकडेही आयोजकांकडून मागून घेऊन छापावेत.

आपले,
गळाने मासेमारी करणारे काही वाचक
बेळगाव, खानापूर, निपाणी